दारावरचा ओघळ

रविवार, ८ सप्टेंबर १९७४
किमान २३.८, कमाल ३१.६. संध्याकाळी साडेपाचला आकाश आठपैकी सात ढगाळ. वारा नाही.

वेधशाळेतला माणूस घरच्या वहीतसुद्धा आधी हवामान लिहितो म्हणून बायको, शशिकला, नेहमी हसते. आज दवाखान्यातून ड्यूटीवरच्या विश्वनाथला फोन करून मी हे आकडे घेतले, तेव्हा ती हसली नाही.

पिंजौरहून परत येताना मी गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. साडेपाचची वेळ, रस्ता मोकळा. लेक, विनया, शेजारी बसली होती. तिच्या कपाळाला पाच टाके पडले. मला खरचटलंसुद्धा नाही, हे लिहिताना लाज वाटते. गाडीचा उजवा मडगार्ड आत गेला, दिवा फुटला, माझ्या बाजूचं दार चेपलं.

कारण: मावळतीच्या उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली. दोन क्षण काही दिसलं नाही. इकडे उत्तरेत वाढलेली पोर हिंदीतच म्हणते, "बाबा, मैंने तीन बार आवाज़ दी थी." पोरगी घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला एकाचे तीन वाटतात.

बुधवार, ११ सप्टेंबर
किमान २४.१. दुपारी सर आली. आर्द्रता ८२.

संध्याकाळी डॉ. विश्वास लिमये येऊन विनयाची जखम बघून गेले. आपल्या महाराष्ट्र मंडळातले, भला माणूस. पण टाके तिला आणि प्रश्न मला. असं आधी कधी झालं होतं का? बोलता बोलता मध्येच हरवल्यासारखं होतं का? शेवटी म्हणाले, "रघुनाथराव, आमच्याकडे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात. दुखत नाही. तेवढा करून घ्या. तोवर गाडी चालवू नका."

मी म्हटलं, गाडी तोंड फोडून मागच्या अंगणात पडलीय, चालवतो कसली? आणि आलेख काढायचं काम आमचं, तेही हवेचं. ऊन डोळ्यांवर आलं याला आलेख कशाला? शशिकला चहाचे कप उचलून आत गेली ती डॉक्टर जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मनीमाजऱ्याच्या गुरमेल मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याच्याकडे दिवाळीपर्यंत जागा नाही. डिसेंबरात भाऊ आणि वहिनी येणार. विनायकभाऊनं मला शिकवलं, स्वतः जन्मभर सायकल दामटली. मी त्याला कधीच कळवून बसलोय की तुम्हा दोघांना माझ्या गाडीतून कसौलीला नेतो. तेव्हा ठरवलं, काम घरीच करायचं. माझ्या हातांनी झालं, माझ्याच हातांनी निस्तरावं. गुरमेल हसला, पण हातोडी आणि लोखंडी ठोकळा देऊन गेला.

रविवार, २२ सप्टेंबर
किमान २२.०. निरभ्र.

मडगार्ड खोलून अंगणात पालथा घातला. आतून ठोकळा धरायचा, बाहेरून हलके ठोके द्यायचे. गुरमेलनं दोन मिनिटांत करून दाखवलं होतं. मी चार तास ठोकलं. एकीकडे बसवलं की दुसरीकडे फुगतं. संध्याकाळी खांदा वर उचलेना. विनया कॉलेजचं पुस्तक घेऊन पायरीवर बसली होती. मी सहज म्हटलं, "झाली की आधी तुला चक्कर मारून आणतो." ती म्हणाली, "रहने दीजिए बाबा, मैं बस से ठीक हूँ." आणि कपाळावरचे केस नीट केले. तो टाक्यांचा व्रण माझ्याकडून अजून नीट बघवत नाही.

शशिकला हल्ली रोज सकाळी सातला शेजारच्या सरोजभाभींबरोबर सुखना तळ्यावर फिरायला जाते. वजन कमी करायचंय म्हणे. इतकी वर्षं मी सांगत होतो तेव्हा ऐकलं नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर
सुट्टी. किमान १९.४.

दिवसभर दाराचा जुना रंग खरवडला. खाली गंज निघाला. दुष्काळात तेरावा महिना. पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर घासून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की कागद उलटता येत नाही.

दुपारी दूध उतू गेलं. मी गॅससमोरच उभा होतो. शशिकला धावत आली, गॅस बंद केला, माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, विचारात होतो. कसला विचार, ते तिनं विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही. दमलोय.

रविवार, १३ ऑक्टोबर
किमान १७.०. आर्द्रता ५१. पुट्टी वाळायला उत्तम.

पुट्टीचे तीन हात झाले. पातळ थर द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. गुरमेल म्हणतो, डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळा फसवतो. डोळे मिटून तळहात फिरवा. खड्डा हाताला सापडतो.

मी हात फिरवला. मला सपाट लागलं. खुशीत शशिकलेला बोलावलं. तिनं पदराला हात पुसला, डोळे मिटले, सावकाश दारावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "इथे खोल आहे. आणि इथे उंचवटा आहे." मी पुन्हा बघितलं. मला काहीच लागेना. पण चोवीस वर्षं पोळ्या लाटणारा हात तो, खोटं कसं म्हणू? पुन्हा पुट्टी. आणखी एक आठवडा गेला.

रविवार, २० ऑक्टोबर
किमान १५.८.

आज तिनं आणखी तीन खड्डे काढले. मी स्टीलची पट्टी लावून बघितली. पट्टीखालून उजेड येत नव्हता. तसं दाखवलं तर म्हणाली, "पट्टीचं मला कळत नाही. मला लागतंय ते सांगितलं." मी चिडलो. बॉनेट कुठलं आणि डिकी कुठली हे जिला माहीत नव्हतं, ती आता मला शिकवते! तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मी रागावायला नको होतं. पुट्टी भरली.

जेवताना तिनं विचारलं, "चढावर थांबवलेली गाडी मागे का सरकते हो?" मी क्लच, ब्रेक, सगळं समजावून सांगितलं. चमचा क्लच आणि वाटी ब्रेक. फार लक्ष देऊन ऐकलं. या कामामुळे निदान तिला यंत्राची गोडी लागली, हेही नसे थोडके.

रविवार, २७ ऑक्टोबर
किमान १५.१. सकाळी जमिनीलगत धूसर.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली होती, ती आज काढली. अंगावर पुट्टीची ठिगळं, एक डोळा नाही, आणि गळ्यात माळ. मंडळाची माणसं सोनं द्यायला आली तेव्हा लिमये बराच वेळ गाडीपाशी उभे होते. जाताना म्हणाले, "आलेखाचं काय ठरलं?" मी म्हटलं, रंगाचं झालं की बघू. शशिकला म्हणाली, "रंगाला अजून वेळ आहे, डॉक्टर. खड्डे आहेत." ते दोघं एकमेकांकडे बघत होते. डॉक्टरला गाडीतलं काय कळतं?

रविवार, ३ नोव्हेंबर
किमान १२.९. वारा ताशी चार किलोमीटर.

आज मीच मूर्खपणा केला. गुरमेलचा रंग फवारायचा कंप्रेसर मिळायला आठवडा होता आणि मला धीर नव्हता. डास मारायचा हातपंप घरात होता. त्यात थिनर घातलेला प्रायमर भरला आणि मडगार्डवर फुसफुस मारला. मडगार्डाला देवी आल्या. थेंब थेंब, मध्ये कोरडं. विनया बघून खळखळून हसली. अपघातानंतर पहिल्यांदा हसली. त्यासाठी सगळा प्रायमर घासून काढावा लागला तरी माझी तक्रार नाही.

रविवार, १० नोव्हेंबर
किमान ११.६. आर्द्रता ४८.

गुरमेल कंप्रेसर आणि गन घेऊन आला. प्रायमर त्यानं माझ्याकडूनच मारून घेतला. सारखा ओरडत होता, "हाथ पहले, घोड़ा बाद में! बाबूजी, हाथ चलता रहे. खड़ा हुआ कि माल बहा." म्हणजे आधी हात हलवायला लागायचं, मग गनचा घोडा दाबायचा, आणि हात थांबायच्या आत घोडा सोडायचा. जिथे हात थांबला तिथे रंग साचतो आणि ओघळतो. तासाभरात जमलं. गुरमेल म्हणाला, सरकारी बाबूच्या मानानं हात चांगला आहे.

प्रायमर वाळल्यावर शशिकलेनं हात फिरवला. मी श्वास रोखून उभा. ती म्हणाली, "बघा, मला तर इथे..." मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, बाई, आता पुरे. दोन महिने झाले, माझ्यात आता ताकद नाही. पुढच्या रविवारी रंग मारतो, खड्ड्यासकट मारतो. ती उभ्या उभ्या रडायला लागली. पुट्टीवरून कुणी रडतं का?

रविवार, १७ नोव्हेंबर
किमान १०.२. आर्द्रता ४४. निरभ्र, वारा नाही. रंगाला याहून चांगला दिवस मिळणार नाही.

दिवाळी होऊन गेली. सकाळी अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली. मोतिया रंग, गाडीचा मूळचाच. आठ वाजून वीस मिनिटांनी मडगार्ड सुरू केला, आठ पस्तीसला संपवला. गुळगुळीत! आठ चाळीसला दार घेतलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मस्त लय लागली होती.

मग एकदम कंप्रेसर बंद पडला. वळून बघितलं तर शशिकलेनं बटण बंद केलं होतं आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता. म्हटलं, "अगं, मध्येच काय बंद करतेस?" स्वयंपाकघराच्या पायरीवर कपबशीचे तुकडे पडले होते, चहा सांडला होता. कप फुटलेला मला ऐकू आला नाही. कंप्रेसरचा आवाज फार.

दाराकडे बघतो तर मधोमध वीतभर ओघळ. रंग साचून खाली उतरलेला. गनचा घोडा अडकला असणार. एवढ्या मेहनतीवर पाणी! मी गन आपटली. शशिकलेवरही ओरडलो की तुझ्या चहाचे शिंतोडे उडाले असते तर? ती खाली बसून तुकडे वेचत होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ऑफिसातून येताना गन गुरमेलला दाखवली. त्यानं खोलली, पुसली, भिंतीवर मारून बघितली. "गन ठीक है, बाबूजी. हाथ रुका होगा."

मी म्हटलं, हात थांबला नाही. मला माहीत नाही का माझा हात? तो म्हणाला, "एक-दो सेकंड में इतना नहीं बहता. दस तो गिनो." आणि गन माझ्या हातात ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं, हे पंजाबीत कसं म्हणतात कोण जाणे, पण त्याच्या तोंडावर तेच होतं.

बसमध्ये सबंध वाट मी दहा अंक मोजून बघत होतो. दहा म्हणजे फार वेळ असतो.

रविवार, २४ नोव्हेंबर
किमान ८.९. निरभ्र.

ओघळ घासायला पॉलिशपेपर भिजवला आणि दारासमोर पाट टाकून बसलो. कागद लावला नाही. नुसता बघत बसलो.

ऑफिसात तापमान लिहिणारं यंत्र आहे. घड्याळावर एक नळकांडं फिरतं, त्यावर कागद, कागदावर शाईचं पेन. चोवीस तास रेघ चालू. कधी घड्याळ अडकतं. नळकांडं थांबतं, पेन तिथल्या तिथे टेकून राहतं, आणि त्या जागी शाई साचून ठिपका पसरतो. सकाळी कागद काढला की ठिपक्यावरून कळतं, यंत्र इथे थांबलं होतं. यंत्राला स्वतःला ते कळलेलं नसतं. किल्ली दिली की ते पुढे चालू लागतं.

पंचवीस वर्षं असले ठिपके बघतोय. हा ओळखायला मला आठवडा लागला.

शशिकला मागे येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, "किती वेळ थांबलो होतो मी?"

ती म्हणाली, "मी दोनदा हाक मारली. मग हातातून कप सुटला. तरी तुम्ही तसेच. डोळे उघडे, हात एकाच जागी, आणि रंग वाहतोय." मग पाटाशेजारी जमिनीवरच बसली आणि बोलत सुटली. लिमयांनी तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं की हे पुन्हा होणार. मला सांगायची तिची छाती झाली नाही, कारण सांगितलं असतं तर मी हट्टानं दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती. हे खरंय, काढली असती. "म्हणून म्हटलं, गाडी होईच ना तोवर बरं. खड्डे काढत बसले."

"म्हणजे ते खड्डे?"

"दोन खरे होते," ती म्हणाली. "बाकीचे नव्हते."

मला राग यायला हवा होता. दोन महिने माझे खांदे गेले. पण राग आलाच नाही. तिच्या हाताकडे बघत राहिलो. त्याच हातानं तिनं पर्स उघडली आणि एक छोटं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. वर तिचा फोटो, घाबरलेला. गाडी चालवायचा परवाना, तारीख गुरुवारची. सुखना तळ्याच्या रस्त्यावर सरोजभाभींच्या गाडीवर ती दोन महिने शिकत होती. चढावर गाडी मागे सरकत होती तिची. चमचा आणि वाटी घेऊन मी शिकवलं ते याच्यासाठी!

"भाऊजींना कसौलीला मी नेईन," ती म्हणाली. "घाट आहे, मला भीती वाटते. पण तुम्ही शेजारी बसून सांगा."

मी बायकोसमोर कधी रडलो नव्हतो.

सोमवार, २ डिसेंबर
किमान ७.३. सकाळी दाट धुकं, नऊनंतर निरभ्र.

आज आलेख काढायला गेलो. मडगार्ड आणि नवा दिवा बसवून झालेली गाडी शशिकलेनं नेली. फाटकातच दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा विनया बसस्टॉपवरून परत आली आणि मागे बसली. चौकात शशिकला तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होती. मी डाव्या हाताला बसून एकदाही ब्रेक म्हणून ओरडलो नाही. पाय मात्र सारखा खाली दाबत होतो.

आलेखाचा कागद लिमयांनी मला दाखवला नाही. औषध दिलंय, रोज तीन वेळा, कायमचं. गाडी मात्र नाही.

दारावरचा ओघळ तसाच ठेवला आहे. शशिकला म्हणाली, घासून टाका, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, राहू दे. तुझ्यासाठी दार उघडताना हाताला लागतो.

एक काम राहिलं होतं, ते आता करतोय. आमच्या खात्याचा नियम असा की चुकलेली नोंद खोडरबरानं पुसायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता यावं अशी, आणि शेजारी सही करायची. आणि यंत्र थांबलं असेल तेवढ्या वेळाचा आकडा अंदाजानं भरायचा नाही. लिहायचं, नोंद नाही.

म्हणून मागे जाऊन आठ सप्टेंबरचं पान उघडलं. 'मावळतीच्या उन्हाची तिरीप' या शब्दांवर रेघ मारायला पट्टी ठेवली, आणि नजर वर गेली. पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात: संध्याकाळी साडेपाचला आकाश आठपैकी सात ढगाळ. आकाशाचे आठ भाग, त्यातले सात भरलेले. त्या संध्याकाळी ऊन नव्हतंच. दवाखान्यात उभं राहून, लेकीच्या कपाळाला टाके पडत असताना, मी ते फोनवर विचारून घेतलं होतं, व्यवस्थित लिहिलं होतं, आणि चार ओळी खाली ऊन पाडलं होतं.

दुरुस्ती. ८ सप्टेंबर, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, पुलाआधी: नोंद नाही. मुलीनं तीनदा हाक मारली होती.
सही, रघुनाथ.